नऊ जुलै, सहा ते आठ

त्या वर्षी डोंगरावर बर्फच कमी पडलं, आणि जूनमध्येच पाटाचा तळ दिसायला लागला. आमचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. वरच्या एकोणचाळीस घरांचं भिजून झालं की उरेल ते आमचं. अकरा दिवसांनी पाळी यायची, सकाळी सहा ते दहा. त्या चार तासांत दीड हेक्टर घेवडा भिजवायचा. आमच्या तलासच्या खोऱ्यात घेवड्यावाचून दुसरं काही पिकवत नाहीत. घेवडा आला तर हिवाळ्याचा कोळसा आला, लेकीचे, मीरिमचे बूट आले, नवऱ्याच्या गाडीची चाकं आली.

यादीत आमच्या आधीची पाळी माझ्या मोठ्या जावेची, सायराची. जमीन एकाच बापाची होती. वरचा तुकडा थोरल्याला गेला, शेवटाचा धाकट्याला. थोरले दीर सहा वर्षांपासून रशियात बांधकामावर, त्यामुळे पहाटे दोन ते सहा ती एकटीच दारं धरायची. पाटाची यादीही तीच ठेवायची. कुणाची पाळी कधी, कुणी किती वाजता फळी टाकून दार बंद केलं, सगळं तिच्या पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं. मी तिला एजे म्हणायची, थोरली बहीण.

एजे उभी राहणार हे मला सगळ्यात शेवटी कळलं. ग्रामपरिषदेची निवडणूक ऑगस्टात होती, आमच्या आळीला एक जागा. जुलैच्या आठ तारखेला संध्याकाळी मी गाय पिळून आले तर माझा नवरा मेदेर अंगणात उभ्यानं स्वतःचा पांढरा सदरा इस्त्री करत होता. लग्नानंतर त्याच्या हातात इस्त्री मी पहिल्यांदा पाहिली.

"कुठं निघालात?"

"उद्या एजेला जिल्ह्याच्या गावी न्यायचंय. अर्ज भरायचाय तिला."

"कसला अर्ज?"

"निवडणुकीचा गं. तुला ठाऊक नाही?"

आत सासूबाई चहाला बसल्या होत्या. "उभी राहू दे," त्या म्हणाल्या. "ती बोलली की माणसं ऐकतात. सगळ्यांना जमत नाही ते." त्यांनी रिकामा वाडगा माझ्याकडे सरकवला. मी भरून दिला. आमच्याकडे चहाचा वाडगा अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा विचारता येतं. त्या दिवशी मी काठोकाठ भरला. सासूबाईंनी वाडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ जुलै. मीरिमला ताप होता. आठ महिन्यांचं पोर, रात्रभर पाळण्यात कण्हत होतं. मी तिला पाठीशी बांधली आणि साडेपाचलाच शेतावर गेले. कुदळ घेऊन पहिल्या सरीच्या तोंडाशी उभी राहिले. फुलोरा ऐन भरात होता, पांढरी बारीक फुलं. फुलोऱ्यात घेवड्याला पाणी कमी पडलं की फूल गळतं. गळलेलं फूल परत लागत नाही.

सहा वाजले. चारीत बोटभर पाणी, तेही गढूळ. म्हटलं, येईल. सव्वासहा. साडेसहा. मीरिमचं कपाळ माझ्या मानेला टेकलं होतं, तव्यासारखं. मी चारीतली शेवाळ ओढून काढली, तोंडाशी आलेली माती उपसली. पाणी काही वाढेना. सात वाजता वाटलं, वर धरणातच कमी सोडलं असेल. साडेसातला काठाकाठानं वर चालत निघाले.

जावेच्या शेताशी पोचले तर दाराची फळी उचललेली, आणि फळीला दगडाचा टेकू. शेत तुडुंब भरून पाणी बांधावरून गाडीरस्त्यावर चाललं होतं. रस्त्यावर चिखल झाला होता, त्यात बदकं पोहत होती. कुदळ बांधाला टेकवून ठेवलेली. माणूस कुणी नाही. काठावर तिच्या रबरी बुटांचे ठसे घराकडे गेलेले, लांब लांब पावलांचे, घाईत चालणाऱ्या बाईचे.

मी दगड काढला आणि फळी टाकली. आठ वाजले होते. माझ्या फोनवर मी पाहिलं.

दहापर्यंत जेवढं जमलं तेवढं भिजवलं. शेवटच्या तीन सऱ्यांना पाणी पोचलं नाही. दहाला पाटकरी तोक्तोसुन घोड्यावर आला, मोठं दार बंद करून किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि गेला. मी त्याला काही बोलले नाही. पाठीवर मीरिम रडून रडून झोपली होती. तिला उठवायचं नव्हतं, हेच तेव्हा डोक्यात होतं.

संध्याकाळी दोघं परत आले. गाडीतून उतरताना एजे हसत होती. केस नीट बांधलेले, अंगात निळं जाकीट. हातात कलिंगड. मीरिम तिला पाहताच झेपावली आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प झाली. दिवसभर माझ्याजवळ गप्प झाली नव्हती.

मी मेदेरला गोठ्यात गाठलं. "तुमच्या एजेनं दार उघडं टाकलं होतं. माझे दोन तास गेले."

"घाईत राहिलं असेल. साडेसहाला निघालो आम्ही."

"तीन सऱ्या कोरड्या आहेत."

"दोन तासांनी काय होतंय, बुरुल? पुढच्या पाळीला भिजतील." मग कलिंगडाची फोड खात म्हणाला, "तिथल्या साहेबानं एजेला खुर्ची दिली बसायला. बाकीचे सगळे उभे."

पुढच्या दोन दिवसांत तीन सऱ्यांतली फुलं गळाली. मी सरीतून चालत गेले, ती मातीत पडली होती, तांदळाच्या कण्यांसारखी. यादीची वही एजेच्या घरात भिंतीला टांगलेली असायची. चहा पोचवायच्या निमित्तानं मी जाऊन पाहिली. नऊ जुलै, पहाटे दोन ते सहा: फळी टाकली, सहा वाजता. तिच्या सुंदर अक्षरात.

*

जुलैच्या मध्याला पोस्टरं लागली. दुकानाच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर, आमच्या गोठ्याच्या दारावरसुद्धा. मेदेरनंच चिकटवलं. पांढऱ्या कॉलरमधली एजे, किंचित हसणारी. मी रोज पहाटे बादली घेऊन गेले की ती माझ्याकडे बघायची. सासूबाई फडक्यानं पोस्टरवरची धूळ पुसायच्या. लग्नात काढलेला माझा फोटो आत कपाटावर होता, त्यावरची धूळ मीच पुसायची.

धाकट्या मुलाच्या घरी आई राहते हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे सासूबाईंचं अंथरूण, औषध, त्यांच्या गुडघ्याला लावायची चरबी, सगळं माझ्याकडं. कौतुक मात्र चालत वरच्या घरी जायचं.

सावडीची खुरपणी, एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं करायची ती, त्या आठवड्यात आमच्याच पाटावरच्या रापियाच्या शेतात होती. आम्ही पाच जणी, पाच सऱ्या. रापियाची जीभ खुरप्याच्या पुढं चालते.

"तुझी जाऊ आता मोठी माणूस होणार," ती म्हणाली. "आम्हाला ओळख दाखवेल ना?"

"तुम्हाला दाखवेल," मी म्हटलं. "माझी ओळख तिनं नऊ तारखेलाच ठेवली नाही."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. दार उघडं होतं. माझ्या पाळीचे दोन तास. यादीत खोटं लिहिलं.

रापियानं एक हरळी उपटली आणि मुळाची माती झटकली. "दोन तास? बस? आमच्या वरच्यानं गेल्या साली माझी आख्खी पाळी खाल्ली, मी बोलले का?"

बाकीच्या हसल्या आणि पुन्हा खाली वाकल्या. चार पाठी माझ्याकडे झाल्या. माझ्या तीन सऱ्या, मीरिमचा ताप, रस्त्यावरची बदकं, सगळं त्या पाठींवरून घरंगळून गेलं. मला वाटलं, हेच एजेनं सांगितलं असतं तर या खुरपी खाली ठेवून ऐकत बसल्या असत्या.

"एकदाच झालं असतं तर मीपण बोलले नसते," मी म्हटलं.

रापियाची पाठ सरळ झाली. "म्हणजे नेहमी होतं?"

"दर पाळीला."

आता चौघीही ताठ उभ्या होत्या. उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या. कुणी माझ्याकडे असं बघून वर्ष झालं असेल. मानेवरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही भान राहिलं नाही.

"मग एवढ्या पाण्याचं करते काय ती?" एकीनं विचारलं. "शेत तर तिचं तुझ्याएवढंच."

"मला काय माहीत. सीमेपलीकडच्या कझाखांची गाडी परवा तिच्या दारात उभी होती, एवढं पाहिलं."

गाडी खरंच उभी होती. एजेच्या मुलीच्या मैत्रिणीचा बाप होता, मुलींना शहरातून घेऊन आला होता. तेवढं मी सांगितलं नाही.

रापिया हळूच म्हणाली, "विकतेय." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली वाकून खुरपायला लागले. त्या दिवशी माझी सरी सगळ्यांच्या आधी संपली.

वीस तारखेच्या पाळीला पाणी बरोबर सहाला आलं, एकतीसलाही. तीन सऱ्यांत आता नुसता पाला वाढत होता. पण गोष्ट गावातून फिरत होती आणि रोज नवीन कपडे घालून माझ्याकडे परत येत होती. दुकानात कळलं की एजेनं पाच पाळ्यांचं पाणी विकलं. गिरणीवर कळलं की कझाखांचा टँकर रोज यायचा. मीरिमला सुई टोचायला नेलं तर परिचारिका म्हणाली, "रशियातून नवरा पैसे पाठवतो असं सांगते, पण ते पाण्याचे पैसे आहेत म्हणे." मी ऐकायची आणि मान हलवायची.

मग तुर्गुनबाय आला. तो एजेच्या विरोधात उभा होता. घेवडा विकत घेणारा व्यापारी, जाडजूड, बोलका, सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली. मी चारीतला गाळ काढत होते. त्यानं गाडी काठाशी थांबवली आणि आतूनच बोलला.

"सूनबाई, लेकरू बरं आहे ना?"

"बरं आहे, काका."

"तुझ्यावर अन्याय झाला म्हणतात. काय झालं, तू सांग. मी तुझ्या बापासारखा."

का कोण जाणे, त्याला मी खरंच सांगितलं. नऊ जुलै, सहा ते आठ. दगडाचा टेकू. यादीतलं खोटं.

त्यानं तोंड वाकडं केलं. "दोन तासांवर कोण मत देतं, सूनबाई? लोकांना दोन तास दिसत नाहीत. टँकर दिसतो." त्यानं मीरिमसाठी खिडकीतून गोळ्यांची पुडी दिली. "टँकरचं काय ते सांग."

"टँकर मी पाहिला नाही."

"पण नव्हताच असंही नाही ना सांगू शकत?"

मी कुदळ चिखलात मारली. तो हसला आणि गेला. गोळ्यांची पुडी मी टाकून दिली नाही. घरी नेली.

*

सभा ऑगस्टच्या तीन तारखेला शाळेच्या हॉलमध्ये झाली. पुढच्या बाकांवर पांढऱ्या दाढीचे म्हातारे आणि सासूबाईंसारख्या म्हाताऱ्या, मागं आम्ही, भिंतीशी पुरुष. मीरिम माझ्या मांडीवर भाकरीचा तुकडा चोखत होती. एजे टेबलाशी बसली होती, समोर यादीची वही.

तुर्गुनबाय उठला आणि सुरू झाला. रस्ता, दिवे, शाळेचं छप्पर. मग आवाज चढला. "आणि ज्या बाईच्या हातात तुम्ही पाण्याची यादी दिलीत, तिनं जुलैभर तुमचं पाणी पलीकडं विकलं. टँकरच्या टँकर. तुमची पोरं तहानली आणि हिच्या घरात पैसा आला."

मला वाटलं, आता सापडली ती.

पाटकरी तोक्तोसुन उठला. त्यानं कोटाच्या खिशातून किल्ली काढून वर धरली. "मोठं दार माझ्या किल्लीनं उघडतं. जुलैभर या पाटात एक फूट पाणी नव्हतं. टँकर भरायला आधी टँकरएवढं पाणी लागतं की नाही? आमच्या पाटात बादली बुडत नाही. कझाखांनी चमच्यानं नेलं का?"

हशा पिकला. म्हातारे गुडघ्यावर हात मारून हसले. एजे हसली नाही. उठून तिनं एक पाय बाकावर ठेवला. रबरी बूट, टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. "विकलं असतं," ती म्हणाली, "तर हा तरी नवा घेतला असता."

पुन्हा हशा. मलाही हसू आलं असतं. एवढं चांगलं बोलली ती.

तुर्गुनबायचा चेहरा लाल झाला. "मी माझ्या मनाचं बोलत नाही. यांच्या घरचीच सून सांगते. ती बघा मागं बसलीय."

सगळा हॉल मागं वळला. सासूबाई शेवटी वळल्या, मान न वळवता सगळ्या अंगानं, जाडं लाकूड फिरावं तशा.

तोक्तोसुन म्हणाला, "उठ पोरी. काय पाहिलंस ते सांग. घाबरू नको."

मी उठले. मीरिमला छातीशी धरलं. टँकर मी पाहिला नव्हता. महिनाभराचं काही पाहिलं नव्हतं. जे पाहिलं होतं तेवढंच तोंडात आलं.

"नऊ जुलै," मी म्हटलं. "सकाळी सहा ते आठ. माझी पाळी होती. वरचं दार उघडं होतं."

"कुणाचं दार?"

आणि माझी जीभ थांबली. पाटावरची दारं माणसांच्या नावानं ओळखतात. ते दार थोरल्या दिरांच्या नावाचं. सून सासरच्या थोरल्यांचं नाव घेत नाही. मी तीन वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं, एकटी असतानासुद्धा नाही. समोर सासूबाई बसलेल्या.

"थोरल्यांचं," मी म्हटलं.

"कोणते थोरले? गावात सगळेच थोरले."

कुणीतरी हसलं. मी मेदेरकडे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता, दोन पावलांवर. एक नाव घ्यायचं होतं त्यानं, स्वतःच्या भावाचं. तो बुटांकडे बघत राहिला.

"महिन्यावरून दोन तासांवर आलो," मागून एक पुरुष म्हणाला. "थोडं थांबलात तर पाच मिनिटांवर येईल."

आता सगळेच हसत होते. रापियाही. मीरिम दचकून रडायला लागली. मी खाली बसले. हसत नव्हती ती एकटी एजे. ती वहीकडे बघत होती, आणि अंगठ्यानं वहीचा कोपरा दुमडत होती, सोडत होती, पुन्हा दुमडत होती. तिला ठाऊक होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं.

तिनं मान वर केली. "ती माझी धाकटी जाऊ," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "अंगावरचं पोर आहे, शेत एकटी बघते, दमते बिचारी. तिला कुणी हसू नका."

हसणं थांबलं. एका म्हातारीनं डोळ्याला रुमालाचं टोक लावलं. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मेदेरनं गाडी काढली. सासूबाई पुढच्या सीटवर. फाटकाशी उतरताना त्या म्हणाल्या, "घरातलं भांडं चौकात फोडलंस. तेही रिकामं." त्यानंतर तीन दिवस त्यांनी चहा स्वतःच ओतून घेतला.

एजे निवडून आली. शंभरावर मतांनी. वरच्या घरी मेजवानी झाली आणि तळणाची कढई माझ्याकडे आली, कारण धाकट्या सुनेनंच तळायचं. दोन पोती पिठाच्या पुऱ्या तळल्या. तेल उडून मनगटावर फोड आले. बाहेर मेदेर पाहुण्यांना सांगत होता, "मी नेलं होतं तिला अर्ज भरायला." मधूनच एजे आत आली, मनगट पाहिलं आणि कपाटातलं गार तूप आणून लावायला लागली. मी हात मागं घेतला.

"राहू दे. मी लावते," मी म्हटलं.

तिनं तुपाची वाटी माझ्या हाताजवळ सरकवली आणि गेली.

*

अकरा ऑगस्ट, शेवटची पाळी. शेंगा भरत होत्या. हे पाणी मिळालं की दाणा भरतो, नाही मिळालं तर शेंग चिपटी राहते. नंतर पाणी मिळालं तरी उपयोग नाही.

साडेचारला गाय पिळायला उठले. पूर्वेला डोंगराची कड नुकती राखाडी झाली होती. गोठ्याच्या मागं आमची चारी. तिच्यातून आवाज आला. आधी वाटलं वारा असेल. मग सुक्या पानांचा आवाज ओला झाला.

बादली तशीच ठेवून मी शेतावर धावले.

काठानं एजे येत होती. पाण्याच्या तोंडाबरोबर चालत होती. चारीत पाण्याचं तोंड पानं, काटक्या, फेस पुढं ढकलत यायचं आणि ती कुदळीनं वाट मोकळी करून द्यायची. गुडघ्यापर्यंत चिखल, रुमाल मागं सरकलेला, मधले पांढरे केस उघडे पडलेले. पोस्टरवर ते दिसत नव्हते.

"चारला माझी फळी टाकली," ती म्हणाली. "सहापर्यंत तुझं. मग तुझी पाळी आहेच."

मी पुढं झाले. पहिल्या सरीचं तोंड कुदळीनं फोडलं. पाणी आत शिरलं. तिनं दुसऱ्या सरीचं फोडलं. आम्ही दोघी तशाच खाली सरकत गेलो, एक सरी ती, एक सरी मी. ती माझ्यापेक्षा वेगानं काम करते. तेही त्या क्षणी मला सलत होतं.

पाचव्या सरीशी मी विचारलं, "हॉलमध्ये का नाही बोललात?"

ती कुदळीवर रेलली. "पडले असते."

"दोन तासांवर कुणी पडत नाही. तुर्गुनबायकाका म्हणाले."

"त्याला काय कळतंय. त्या दिवशी मी सहाला फळी टाकायचं विसरले, जाकिटाच्या बटणाच्या नादात. परत आल्यावर रस्त्यावरचा चिखल पाहिला आणि समजलं. तरी यादीत सहा लिहिलं. यादी माझी, अक्षर माझं. एवढंच कुणी उभं राहून विचारलं असतं, सायरा, नऊ तारखेला फळी किती वाजता टाकलीस, तर मला तोंड उघडता आलं नसतं. महिनाभर मी त्याची वाट बघत होते. अन्न जात नव्हतं." तिनं कुदळीला चिकटलेली माती पायानं काढली. "मग तू टँकर आणलास, आणि मी सुटले."

"टँकर मी नाही आणला."

"कझाखांची गाडी तरी तूच आणलीस ना?"

पाणी सरीतून पुढं सरकत होतं, ढेकळं आवाज करत विरघळत होती.

"आणि बिचारी म्हणालात मला," मी म्हटलं.

"ते वाईट केलं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण त्यानं मतं पडली."

सहा वाजले तेव्हा तिनं फोन पाहिला, रुमाल पुढं ओढला. "कुणाला सांगायचं असेल तर सांग," ती म्हणाली आणि काठाकाठानं वर निघाली. तिच्या शेताला त्या दिवशी दोन तास कमी मिळाले होते. जाताना तिच्या एका बुटातून पाणी पचपच वाजत होतं, ठिगळ सुटलं असेल.

मी सरीत उभी राहिले. सांगायचं कुणाला? रापियाला सांगितलं तर ती पहिल्यांदा म्हणेल, म्हणजे दोन तास खरे होते तर. आणि लगेच पुढं म्हणेल, पण बघ, परत केले तिनं, असं कोण करतं आजकाल. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. माझं खरं ठरेल आणि मोठी तीच होईल. माझे स्वतःचे दोन तास, तेसुद्धा तिच्याच पोस्टरवर लागणार.

सात वाजता सासूबाई चहाची किटली आणि मीरिमला घेऊन आल्या. काठीवर रेलत बांधावर थांबल्या. अर्ध्याच्या वर शेत भिजून झालं होतं. इतक्या वेळात कधी होत नाही, ते त्यांना कळतं. चाळीस वर्षं त्यांनी याच शेतात दारं धरली होती.

"पाणी लवकर आलं?"

"साडेचारला आलं, आपा." सासूबाईंना मी आपा म्हणते, आई.

"कसं?"

"एजेनं सोडलं. तिच्या पाळीतलं."

त्यांचा चेहरा उजळला. तो उजळणार हे वाटलंच होतं मला. "दिलंन होय. बघ. एवढं तू बोललीस, तरी दिलंन. मन मोठं आहे पोरीचं."

मी कुदळ बांधात रोवली. हात चिखलानं भरले होते, ते कमरेला पुसले. या वेळी माझ्या तोंडात टँकर नव्हता, महिना नव्हता.

"दिलं नाही, आपा. परत केलं."

"परत? कधीचं?"

"नऊ जुलैचं."

"किती?"

"दोन तास. सकाळी सहा ते आठ."

मीरिमनं त्यांच्या रुमालाचं टोक तोंडात घातलं होतं. ते त्यांनी हळूच सोडवलं.

"कुणाच्या दारातून?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"एसेनबेकच्या," मी म्हटलं.

पहिल्यांदाच ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं. त्यांच्या थोरल्या लेकाचं. त्या रागावतील, काठी आपटतील म्हणून मी थांबले. त्यांनी मीरिमला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बांधावर किटली ठेवली, एक वाडगा अर्धा भरला आणि माझ्या हातात दिला. मग काठीनं चाचपत सरीत उतरल्या. चिखलात त्यांचा पाय घोट्यापर्यंत गेला.

"किती सऱ्या कोरड्या गेल्या?"

"तीन."

"कोणत्या?" त्या म्हणाल्या. "चल, दाखव."